बारा नंबरचा पट्टा

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका विद्यापीठाची माणसं आमच्या वाडीत आली, तेव्हा सरपंचांनी मला बोलावून घेतलं. गंगाखेडच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन गावी आल्यापासून लिहिण्या-वाचण्याचं कुठलंही काम निघालं की ते माझ्याकडे येतं. माणसांशी बोलणं मला फारसं जमत नाही, वहीशी जमतं. विद्यापीठाला असाच कुणीतरी हवा होता.

संशोधन तीन विभागांनी मिळून काढलं होतं. अभियांत्रिकीवाल्यांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवला होता. उन्हात दिवसभर चालणाऱ्या माणसाची नाडी तो मोजायचा आणि ठोके बिघडले तर तशी सूचना द्यायचा. त्या सूचना खऱ्या की खोट्या हे वैद्यकीय विभाग तपासणार होता. मानसशास्त्रवाल्यांची चाळीस प्रश्नांची प्रश्नावली वेगळीच होती. सगळी धावपळ दीपिका नावाच्या मुलीवर होती. ती पीएच.डी. करत होती. कष्टाळू होती, गावातल्या बायकांनी दिलेला चहा नाही म्हणायची नाही. तिला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही.

"काका, मला तीस मेंढपाळांची यादी हवी," ती म्हणाली. मी एका संध्याकाळी बसून करून दिली. ज्यांच्या नावावर मेंढरं, त्यांची नावं. तीसही पुरुष. त्यात काही राहून गेलंय असं तिला वाटलं नाही, आणि मलाही नाही.

बाराव्या नंबरला येडबा होता. साठी ओलांडलेला, उंच, कमी बोलणारा. त्याची बायको मनकर्णाबाई त्याच्या वाटणीचंही बोलायची. मुलगा भागवत साखर कारखान्यात होता, सून रुपाली घर आणि कोकरं बघायची.

देवळाच्या ओट्यावर पट्टे वाटले. दीपिकानं प्रत्येकाच्या मनगटावर स्वतः बांधून दिले आणि मोठ्यानं बजावलं, "मेंढरांमागे जाताना पट्टा हातात पाहिजेच. एक दिवसही चुकवायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रश्नावली झाली. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा निराश वाटलं, असं तिनं येडबाला विचारलं. येडबानं खूप विचार केला.

"मेंढरू मेलं तवा," तो म्हणाला.

"किती वेळा?"

"दोन मेले."

तिनं 'कधी कधी' या चौकटीत खूण केली.

माझं काम सोपं होतं. दर रविवारी तीस घरी जायचं, पट्ट्यातल्या नोंदी मोबाइलमध्ये घ्यायच्या, पट्टा चार्ज करून द्यायचा आणि वहीत भरायचं: क्रमांक, नाव, दिवस, पट्टा वापरला की नाही. बहुतेकांचे पट्टे खुंटीला नाहीतर देव्हाऱ्यात सापडायचे. मनगटाला घाम येतो, खाज सुटते, अशी कारणं असायची. येडबाच्या घरी मात्र एक दिवस चुकलेला नव्हता. दीपिकानं वही पाहून म्हटलं, "काका, असं रजिस्टर मी आजवर पाहिलं नाही. आणि तुमचा हा बारा नंबर तर आदर्श आहे." एवढं कौतुक मला नोकरीत कुणी केलं नव्हतं. ते मला फार आवडलं, हे इथं कबूल केलं पाहिजे.

एप्रिलमध्ये एकदा मी सोनपेठच्या रस्त्यानं चालत येत होतो. माळावर मनकर्णाबाई मेंढरं घेऊन उभी होती. काठी, खांद्यावर घोंगडं, पाण्याचा कॅन, आणि हातात हिरव्या बांगड्यांच्या वर सरकवलेला तो काळा पट्टा.

"वैनी, हा पट्टा तुमच्या हातात कसा?" मी विचारलं.

"कसा म्हंजी? मॅडम म्हनल्या न्हवं, मेंढरामागं जाताना पट्टा पायजेच. ह्यांनी गेलेत पुढचं रान बगायला. मंग मी मोकळ्या हातानं जाऊ का?"

घोंगडं, काठी, कॅन जसा मेंढरांमागे जाणाऱ्याकडे जातो, तसा पट्टा. जो मेंढरामागं, त्याच्याकडं. सांगितलेलं त्यांनी जितक्या इमानानं पाळलं तितकं वाडीत कुणी पाळलं नव्हतं.

"पण तो येडबांच्या नावावर आहे," मी पुटपुटलो.

ती हसली. "मेंढरं बी त्यांच्याच नावावर हायत, गुरुजी. राखायला कोन जायलंय?"

मी ग्रंथपाल असलो तरी वाडीत मला गुरुजीच म्हणतात. मीही हसलो. घरी आल्यावर वही उघडली. नावासाठी 'वापरणाऱ्याचे नाव' असा एकच रकाना होता. मनकर्णाबाईचं नाव लिहायचं तर खाडाखोड करावी लागली असती, खाली टीप द्यावी लागली असती, मागच्या रविवारांचंही विचारावं लागलं असतं. एखाद-दुसऱ्या दिवसाची गोष्ट, असं मी स्वतःला सांगितलं. तिथे 'येडबा' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दीपिकाचा फोन आला. तिचा आवाज चढला होता. "काका, बारा नंबर! तीन दिवस दुपारी ठोके पूर्ण अनियमित आहेत. आमच्या पट्ट्यानं पकडलेली ही पहिलीच केस. आम्ही उद्याच गाडी पाठवतो."

गाडी आली, येडबाला शहरात घेऊन गेली. यंत्राच्या तारा छातीला लावून त्याला दोन दिवस ठेवून घेतलं, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली. तिसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा अर्धी वाडी त्याच्या अंगणात होती.

"काय म्हनले डाक्टर?" कुणीतरी विचारलं.

"काळीज तिशीतल्या गड्यावानी हाय म्हनले," येडबा म्हणाला.

"हाय म्हंजी!" मनकर्णाबाई आतून तांब्या घेऊन आली. "मला वाटलं, तुमाला काळीज न्हाईच."

लोक हसले. ती पण हसायला लागली आणि मधेच उंबऱ्याला धरून खाली बसली. "ऊन लय हाय अवंदा. चार पावलं टाकली की दम लागायलाय. छातीत पाखरू फडफडल्यावानी व्हतं," असं रुपालीला म्हणाली.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. घरी जाऊन मी वही आणि दीपिकानं पाठवलेल्या तारखा शेजारी ठेवल्या. त्या तीन दिवसांत येडबा सोनपेठकडे होता. कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची ते ठरवायला गेला होता. जाताना मला एसटीच्या थांब्यावर भेटलाही होता. ते ठोके येडबाचे नव्हतेच.

त्याच घटकेला फोन करायला हवा होता. मी नंबर काढला आणि ठेवून दिला. बोलताना मी अडखळतो, तिचा गैरसमज होईल, लिहिलेलं बरं, असं वाटलं. पत्राचे चार खर्डे केले. पहिल्यात फार माफी झाली होती. दुसऱ्यात माझं नावच कुठे नव्हतं. पाचव्या दिवशी पत्राचा फोटो काढून पाठवला. पाच दिवस मनकर्णाबाई रोज मेंढरांमागे जात होती. मला माझ्या खिडकीतून ती दिसायची.

दीपिका दुसऱ्याच दिवशी आली. देवळाच्या ओट्यावर बसली. चिडली नाही, पण चेहरा उतरला होता.

"किती दिवस असं चाललं होतं?"

"सुरुवातीपासून असावं."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"एप्रिल."

ती बराच वेळ वही चाळत राहिली. "मग बारा नंबर वगळावा लागेल. पूर्णच."

"ते ठीक आहे," मी म्हणालो. "पण मनकर्णाबाईंना तुमच्या गाडीतून न्या. त्यांना तपासायला हवं."

"काका, कशी नेऊ? त्या अभ्यासात नाहीत. संमतीपत्र येडबांचं आहे. विद्यापीठाच्या समितीनं मंजुरी दिलीय ती तीस पुरुष मेंढपाळांची. त्यांना उद्या काही झालं तर मी कुणाला काय उत्तर देऊ?"

"बायका का घेतल्या नाहीत अभ्यासात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "यादी तुम्हीच दिली होती, काका."

पुढे तिनं एका डॉक्टरांचं नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. "त्यांना लवकर दाखवा. खरंच लवकर." जाताना येडबाच्या घरून पट्टा घेतला आणि गेली.

चिठ्ठी घेऊन मी येडबाच्या घरी गेलो. तो मेंढरं पाणी पाजायला घेऊन गेला होता. मनकर्णाबाई कोकरांना पाला टाकत होती. पट्टा परत नेल्याचं तिला लागलं होतं.

"आमचं काय चुकलं, गुरुजी? एक दिवस चुकवला न्हाई आमी."

"चुकलं काही नाही. वैनी, तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवा. छातीचं."

"मला काय झालंय? एवढी मोठाली मशिनं लावून बगितली की. काय न्हाई म्हनले."

"ते येडबांना लावलं होतं."

तिनं पाला खाली ठेवला. बाई हुशार होती. "माझ्या हाताला पट्टा होता, तवा काय निगालं का?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात क्वचितच कुणी विचारला असेल. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तवाच कामून सांगितलं न्हाई? अंगणात रुपाली उभी होती, शेजारची दगडाबाई कुंपणापलीकडून कान देऊन होती. मी म्हणालो, "तसं काही नक्की सांगता येत नाही. पण दाखवलेलं बरं."

"मंग दाखवू की पाऊस लागल्यावर. आता रान ठरलंय," ती म्हणाली आणि चिठ्ठी पदराला बांधली.

नक्की सांगता येत होतं. तारखांसकट सांगता येत होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी कालव्याच्या बांधावर ती पडली. मेंढरं तिच्याभोवती उभी राहिलेली एका ट्रॅक्टरवाल्याला दिसली, म्हणून कळलं. दवाखान्यात नेलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचा बंद झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी भागवतला बाजूला घेऊन समजावलं. मी मागे उभा होतो. हृदयाचे ठोके असे वेडेवाकडे पडत राहिले की आत रक्त साकळतं, त्याची गुठळी मेंदूकडे जाते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात. आधी कळलं असतं तर टळण्याची बरीच शक्यता होती. "काही लक्षण दिसलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. भागवत म्हणाला, न्हाई. मी काही म्हणालो नाही.

डिसेंबरात विद्यापीठाचे लोक निष्कर्ष सांगायला आले. तशी त्यांची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. इंग्रजी सारांशाचा मराठी मसुदा मीच केला होता, आणि वाचायचाही मलाच होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत पन्नासेक माणसं होती. मी वाचलं: एकोणतीस मेंढपाळांच्या नोंदी ग्राह्य धरल्या, अभ्यासाच्या काळात पट्ट्यानं एकही खोटी सूचना दिली नाही, हे तंत्र उपयुक्त ठरू शकतं. खाली मदतीबद्दल आभार होते, त्यात माझं पूर्ण नाव होतं. तेही वाचावं लागलं. टाळ्या झाल्या.

येडबा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो उठला.

"गुरुजी, तीस होतो आमी."

दीपिकानं मान खाली घातली. मी कागदाची घडी घालायला लागलो.

"ज्या तीन दिसाचे ठोके बिगडले म्हनून मला नेलं, त्या दिसाला मी सोनपेठला होतो," येडबा म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "माझं काळीज चांगलं निगालं. मंग ते ठोके कुनाचे होते?"

"वैनींचे," मी म्हणालो.

येडबा दोन पावलं पुढे आला.

"तुमाला कवा कळलं?"

"तुम्ही शहरातून आलात त्याच दिवशी."

येडबा मला मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. तो नुसता दारापर्यंत गेला आणि थांबला. "मला कशाला सांगायलाव? तिनं इचारलं होतं तुमाला. रुपालीनं ऐकलंय. तिला जाऊन सांगा."

चहा येत होता. मी तो न घेता त्याच्या घरी गेलो. मनकर्णाबाईची बाज दारासमोर, उजेडात टाकलेली होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो. एवढ्या वर्षांत इतकं सलग बोललो नसेन तेवढं बोललो: पट्टा, तीन दुपारी, पत्राचे खर्डे, तो प्रश्न, माझं उत्तर. एकदाही अडखळलो नाही. आता अडखळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती, की माझ्या पलीकडे, ते कळेना. बोलून झाल्यावर मी वाट पाहिली. तिनं डावा हात उचलला आणि बोटं दोनदा हलवली. मला वाटलं, जवळ बोलावतेय. एक पाऊल पुढे गेलो. तिनं पुन्हा हात हलवला, जोरात, चिडून.

मग लक्षात आलं. मागे घंटा वाजत होत्या. रुपाली मेंढरं घेऊन परत येत होती, आणि मी दार अडवून उभा होतो.

मी बाजूला झालो. मेंढरं अंगणात शिरली, तशी मनकर्णाबाईची नजर एकेकावरून फिरू लागली. ती मोजत होती. माझ्याकडे तिनं परत पाहिलं नाही.