वाटणीतलं शेवाळ

आई गेल्यावर दोघा भावंडांनी सगळं निम्मं-निम्मं केलं. भांडी, कपाटं आणि शेवाळाचे ट्रेसुद्धा. आई काचेच्या बरण्यांत छोट्या बागा लावून विकायची. हे मखमली शेवाळ तिनं त्यासाठी जोपासलेलं. दादानं डाव्या फळीवरचे ट्रे घेतले, धाकटीनं उजव्या. डावीकडचं शेवाळ नर, उजवीकडचं मादी, हे फक्त आईला ठाऊक होतं, आणि ती असताना कुणी विचारलं नव्हतं. वाटणी एवढी चोख झाली, की नवरा-बायकोची फारकत झाली.

धाकटीनं आईचा धंदा धरला. शेवाळाचे तुकडे तोडून लावायची, ते वाढायचे. पण सगळे तुकडे एकाच रोपाचे. बुरशी आली तसा एकेक ट्रे काळा पडू लागला. बीजाणूंपासून नवी, वेगळ्या रक्ताची रोपं आली तरच काही वाचणार होतं. आणि बीजाणूंची बोंडं तर धरतच नव्हती. नर शेवाळ दादाच्या ट्रेंत गेलंय, हे आईच्या जुन्या वहीतून कळल्यावर ती नाक मुठीत धरून दादाकडे गेली.

"माळ्यावर पडलेत," वहिनी म्हणाली. "वाळून कोळसा झालाय. न्या."

"ने, पण उसनं," दादा म्हणाला. "जे येईल त्यात निम्मं माझं."

घरी पाणी शिंपडताच कोळशाला हिरवा रंग फुटला. तिनं ट्रे एकमेकांना चिकटवून ठेवले आणि रोज फवारणी केली. नराचं बीज पाण्यातूनच पोहत मादीकडे जातं. काही महिन्यांनी मादीच्या शेंड्यांवर केसासारखे देठ उभे राहिले, टोकाला हिरवी बोंडं.

दादा कात्री घेऊनच आला.

"कच्ची आहेत रे. अजून आईच्या अंगावर आहेत. तपकिरी होऊ देत, झाकण उडेल, मग पूड घे."

"पूड उडाल्यावर निम्मं कुणाकडं मागू, वाऱ्याकडं?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे गं. वाऱ्यावर नाही."

ट्रेवर मधोमध दोरी ताणून त्यानं आपली बाजू कापली आणि बोंडं कागदात बांधून नेली.

कापलेल्या बाजूला बुरशी आधी चढली. उरलेल्या बाजूची मोजकी बोंडं पिकली. धाकटीनं ती ओल्या विटेवर झटकली आणि वाट पाहत राहिली. एका सकाळी विटेवर हिरव्या धाग्यांचं जाळं दिसलं, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे कोंब.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "माझ्यातून काहीच उगवलं नाही. तुझ्याकडं?"

ती विटेकडे बघत राहिली.

"माझ्याकडंही नाही," ती म्हणाली आणि विटेवर काच झाकली.