एकशे चौदा

“काकू, ह्या कागदावर वजन ब्याऐंशी लिहिलंय. बरोबर आहे ना?”

संध्या सिस्टरने विचारलं तेव्हा शैलाताईंनी डोळे मिटूनच मान हलवली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, न बोलायला तेवढं निमित्त पुरे होतं. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा लुकलुकत होता, सत्त्याऐंशी. काल दाखल झाल्या तेव्हा तो नव्वद होता.

ब्याऐंशी हे वजन त्यांचं होतं खरं, पण लेक सई पहिलीत असताना. आता सई बँकेत नोकरीला लागली होती.

शैलाताई गायधनी सातपूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं हजेरी विभागात होत्या. तीनही पाळ्यांमधल्या कामगारांचे नंबर त्यांना तोंडपाठ. स्वतःचा हा एक आकडा मात्र त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता. कारखान्यात वर्षाची तपासणी असली की त्या दिवशी नेमकी त्यांची रजा पडे. डॉक्टरकडे जाणं तर त्यांनी कधीच सोडलं होतं. कान दुखतो म्हणून गेलं तरी ‘आधी वजन कमी करा’ हेच ऐकून परत यायचं. म्हणून करोनाच्या साथीत ताप आला तेव्हाही पाच दिवस घरीच वाफ घेत काढले. सहाव्या दिवशी जिना उतरताना ओठ निळसर दिसले, तेव्हा सईने काही न विचारता रिक्षात घातलं.

संध्या जागची हलली नाही. हरसूलकडची, पंचविशीची मुलगी. डोक्यापासून पायापर्यंत किट, आत घामाने निथळत असलेली.

“डॉक्टरांनी रक्त पातळ करायचं इंजेक्शन वाढवायला सांगितलंय, काकू. ते वजनावर ठरतं. कमी पडलं तर गुठळी होऊन फुफ्फुसात अडकते, जास्त झालं तर रक्त वाहायला लागतं. राग मानू नका, पण मला ब्याऐंशी नाय वाटत.”

काट्यावर उभं करणं शक्य नव्हतं. सकाळी पलंगावरच जरा बसतं केलं, तर ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या खाली घसरला होता. सांगणं भाग होतं.

शैलाताईंनी वॉर्डभर नजर फिरवली. चौदा पलंग, चौदा बायका. समोरच्याच पलंगावर त्यांच्या सोसायटीतली हर्षाली. गणपतीच्या फराळाला ‘काकूंना दोन खुर्च्या द्या गं’ म्हणून सगळ्यांना हसवणारी.

“एकशे चौदा,” त्या पुटपुटल्या.

“काय?”

“एकशे... चौदा.”

“ऐकू येत नाय, काकू. कानावर हे सगळं बांधलंय बघा.” संध्या खाली वाकली. चेहऱ्यापुढची प्लॅस्टिकची काच आतून धुरकट झाली होती.

शैलाताईंनी मास्क बाजूला सारला आणि होता नव्हता तेवढा दम एकवटून त्या ओरडल्या, “एकशे चौदा किलो!”

लगेच खोकल्याची उबळ आली. यंत्र किंचाळू लागलं. संध्याने मास्क पुन्हा दाबून बसवला. उबळ ओसरल्यावर शैलाताईंनी भीतभीत डोळे उघडले. कुणी हसलं नव्हतं. हर्षाली स्वतःच्या बोटावरच्या आकड्याकडे एकटक बघत होती. शेजारच्या पलंगावरच्या अक्काबाई पाणी मागत होत्या. संध्याने ब्याऐंशीवर काट मारून शेजारी नवा आकडा लिहिला आणि ती डॉक्टरांना फोन करायला गेली.

इंजेक्शन पोटात टोचलं गेलं. पण साडेतीनला डॉक्टर आले तेव्हा यंत्रावर एक्याऐंशी होता.

“व्हेंटिलेटरचा एकही पलंग रिकामा नाही,” ते संध्याला म्हणाले. मग शैलाताईंकडे वळले. “बाई, जाड माणसांना हा आजार जास्त छळतोय. उताणं झोपलं की पोटाचा भार फुफ्फुसांवर येतो, खालचा भाग उघडतच नाही. तुम्हाला पालथं व्हावं लागेल. आत्ता, लगेच.”

पालथं करायला चार माणसं हवीत. दोघे वॉर्डबॉय खाली सिलिंडर उतरवत होते. डॉक्टरांना दुसऱ्या वॉर्डातून हाक आली आणि ते धावले. उरल्या संध्या आणि साळूबाई. साळूबाई वॉर्डातली मावशी, हाडाची काडी, ओढूनताणून चाळीस किलो.

ऐंशी. एकोणऐंशी.

“पोरं येईस्तोवर थांबायचं का?” संध्याचा आवाज पहिल्यांदाच कापला.

“कशाला थांबायचं?” साळूबाई पलंगावर गुडघा टेकून चढलीच. “भिऊ नका ताई, म्या लय म्हशी वळवल्यात.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. संध्याने तिच्याकडे चमकून पाहिलं.

एरवी असं काही कानावर आलं असतं तर शैलाताई आठवडाभर जेवल्या नसत्या. त्यांनी साळूबाईकडे पाहिलं. त्या काटकुळ्या बाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. शैलाताईंनी हात पुढे केला.

“वळवा,” त्या म्हणाल्या.

एकीने खांदा धरला, दुसरीने कंबर. शैलाताईंनी पलंगाचा गज पकडून स्वतःला ओढलं. गाऊन पाठीवरून पार निसटला, अंग उघडं पडलं. त्यांना ते कळलं, पण झाकायला हात मोकळा नव्हता. छातीत जणू कुणी पोतं कोंबलं होतं. अर्ध्यावर सगळं अडलं. साळूबाईने आपली पाठ त्यांच्या पाठीला लावली, पाय भिंतीला रोवले आणि रेटा दिला. शैलाताई पालथ्या पडल्या. संध्याने छातीखाली एक आणि कमरेखाली दोन उशा सरकवल्या, पोट मोकळं राहील अशा. मग गाऊन ओढून पाठ झाकली.

“आकडा?” शैलाताईंनी उशीत तोंड ठेवून विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर. श्वास घ्या, काकू.”

संध्या यंत्रावर नजर लावून उभी राहिली.

“ब्याऐंशी.” मग, “एक्याऐंशी.” मग खूप वेळाने, “अठ्ठ्याऐंशी, काकू! अठ्ठ्याऐंशी!”

साळूबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिला धाप लागली होती.

पुढचे तेरा दिवस शैलाताई रोज बारा-चौदा तास पालथ्या झोपल्या. हर्षाली आठवड्याने घरी गेली. अक्काबाई सहाव्या दिवशी दुपारी गेल्या. त्यांच्या पलंगावर तासाभरात नवी बाई आली, तिलाही संध्याने पहिल्यांदा वजनच विचारलं.

जुलैत शैलाताई कामावर रुजू झाल्या. गेटवर फोरमन हिरामण भेटला.

“मॅडम, लय बारीक झाल्या! एकदम भारी. काय डाएट केलं?”

“पंधरा दिवस ऑक्सिजनवर होते, हिरामण.”

तो चपापला. त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी घेऊ दिली.

हजेरी विभाग पहिल्या मजल्यावर. पूर्वी जिन्यात दम लागला की त्या मोबाइल काढून काहीतरी वाचल्यासारखं करत. आज आठव्या पायरीवर श्वास संपला तेव्हा त्या सरळ पायरीवर बसल्या, भर जिन्यात. भोंगा झाला. पाळी सुटली आणि कामगारांचा लोंढा वरून खाली आला, त्यांच्याजवळ येऊन दोन बाजूंना फुटला. कुणी नमस्कार केला, कुणी “बरं आहे ना मॅडम?” विचारलं.

“बसलेय जरा,” शैलाताई प्रत्येकाला सांगत होत्या, आणि सावकाश, पोट भरून श्वास घेत होत्या.