फोटोतली मूर्ती

बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, इंझोरीच्या विहार समितीची पाच माणसं आमच्या दारात आली आणि एकानेही जय भीम केला नाही. आमच्याकडे भांडायला आलेला माणूससुद्धा आधी जय भीम करतो, मग आवाज चढवतो.

मालवाहू ऑटोतून त्यांनी एक खोकं उतरवलं आणि माझ्या भावापुढे आदळलं. माझा भाऊ धम्मपाल मंगरूळपीरला फायबरच्या मूर्ती घडवतो, जास्त करून बुद्धाच्या. त्यांचे फोटो मी काढते आणि नेटवरही मीच टाकते.

"उघड," समितीचे अध्यक्ष देवमनमामा म्हणाले. "आन पाय तुही कारागिरी."

दादाने खोकं उघडलं. आत दोन फुटांची बैठी मूर्ती होती. एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा उघडा. नाक बसकं. ओठ एका बाजूला ओढलेले, दाढ दुखत असलेल्या माणसासारखे.

"मामा, हे माहं काम नाई."

"फोटो तुहा, मूर्ती तुही, आन काम तुहं नाई?" मामांनी मोबाईल पुढे केला.

फोटो आमचाच होता. मागे पाण्याच्या टाकीला बांधलेली माझी निळी ओढणीसुद्धा तशीच होती. चोराने ती पुसायचे कष्टही घेतले नव्हते. खाली नाव मात्र कुठल्यातरी कंपनीचं, जिने मंगरूळपीर नकाशातही पाहिलं नसेल.

मग एकेक उलगडलं. मामा फाल्गुनात दादाकडे मूर्ती विचारून गेले होते. भाव जास्त वाटला म्हणून "पाहू" म्हणाले. पुढे गावातल्या पौर्णिमा नावाच्या मुलीच्या मोबाईलवर तीच मूर्ती अर्ध्या भावात दिसली आणि तिथूनच त्यांनी ती मागवली.

"आमाले वाटलं, तूच तिथं बी इकून राह्यला," मामा म्हणाले. "त्या ओठावर तुह्या मायचं हसू हाये. सारं इंझोरी ओळखते. मनलं, आपल्याच पोराची मूर्ती, मंग फसाचं काय?"

ते खरं होतं. आमच्या आईचं, बेबीताईचं, माहेर इंझोरी. दादा प्रत्येक बुद्धाला आईचं हसू देतो. त्या हसण्यावर विश्वास ठेवून तिच्याच माहेरची माणसं फसली होती.

"मी दोन महिने झाले त्या साईटवाल्यांकडे ह्या चोरीच्या फोटोची तक्रार करून राह्यली, मामा," मी म्हणाले. "ते म्हणतात, माल फोटोसारखा नाही हे घेणाऱ्यानं सांगावं. आता तुम्ही सांगा. हा घ्या पुरावा." मी मोबाईल काढला.

मामांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. "खबरदार! असं तोंड असलेल्या तथागताचा फोटो? कोण कुठं फिरवीन, आन वरून काय लिहीन, हाये का भरवसा? गावात आग लागीन."

"मग परत पाठवा."

"तथागताले खोक्यात कोंबून कुरिअरवाल्याच्या हवाली करू? उद्या आठ वाजता भंतेजी येऊन राह्यले. मांडव पडला. दहा गावाले निमंत्रणं गेली."

ते साफ चुकीचं बोलत नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. तेवढ्यात मागचा एक जण पुटपुटला, "गावात तर बोलून राह्यले, धम्मपालनं मायच्या माहेरालेच चुना लावला."

आई दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि उंबऱ्यावरच बसली.

"धम्मपाल, खरं काय ते सांग रे बाप्पा."

जगाने विचारलं असतं तर चाललं असतं. आईने विचारलं आणि दादाचं तोंड उतरलं. मला रडूच फुटलं.

"म्या तोंड नीट करून देतो," दादा म्हणाला. "पण मामा, शब्द द्या. उद्या माइकवरून सांगा, हे काम धम्मपालचं नव्हतं, फोटो चोरीचा होता."

"देल्ला शब्द," मामा म्हणाले.

मी दादाला आत ओढलं. "वेडा झाला का तू? आपल्याजवळ एवढा एकच सबूत हाये. तू हात लावला की चोर खरा ठरीन."

"मंग उद्या लोकाईनं वाकड्या तोंडाले वंदना कराची काय?" एवढं बोलून त्याने कानस उचलली.

त्याने ओठ घासून काढले, नाकावर पुट्टी चढवली, ती वाळवायला टेबलफॅन लावला. पाचही जण ओसरीवर बसून त्याच्या हातांवर पहारा देत होते. दादाने आईला समोर बसवलं.

"आई, हास ना थोडं."

"कायले हासू?" आई म्हणाली.

शेवटी त्याने ते हसू आठवणीतून काढलं. संध्याकाळी सोनेरी रंग वाळला आणि आईने मूर्तीपुढे हात जोडले. मला मात्र चोराचंच काम पूर्ण करून दिल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी इंझोरीत मूर्ती फुलांत बसली. वंदना झाली. देवमनमामांनी माइक घेतला तशी मी ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं. मामांनी भंतेजींचे आभार मानले, देणगीदारांचे मानले, मांडववाल्याचेही मानले. "आन आमचा भाचा धम्मपाल, त्यानं बी लय मदत केली." संपलं. माइक पुढच्या माणसाकडे गेला.

मी त्यांना मांडवाच्या कडेला गाठलं.

"सपना, दहा गावच्या लोकाइपुढं समिती फसली मनून कसं सांगू? आता झालं ना सारं गोड," ते म्हणाले आणि जेवणाच्या पंगतीकडे निघून गेले.

गोड कसलं! मूर्ती जिच्या मोबाईलवरून मागवली होती, त्या पौर्णिमाने भोळेपणाने फुलांतल्या मूर्तीचा फोटो साईटवर टाकला. पाच तारे, आणि खाली 'हुबेहूब फोटोसारखी'. चौथ्या दिवशी मला उत्तर आलं की ग्राहक समाधानी आहे, माल फोटोप्रमाणे आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. आणि विकणाऱ्याने माझा फोटो काढून तिथे पौर्णिमाचा लावला. दादाने घासलेले, दादाने भरलेले ओठ आता तो विकत होता.

मी ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो पुट्टी कालवत राहिला. चोरापेक्षा मला मामांचा जास्त राग आला होता, आणि मामांपेक्षा माझ्या ह्या भल्या भावाचा.

महिन्याभरात अनसिंगहून दोन माणसं आली. त्यांनी जय भीम केला, पाणी घेतलं आणि एक खोकं पुढे सरकवलं.

"ऑनलाइन मागवली. देवमनभाऊनं सांगतलं, तोंड तेवढं धम्मपाल करून देते."

दादाने झाकण उचललं. तोच मिटलेला डोळा, तेच ओढलेले ओठ. मी मोबाईल काढला तसा त्यातला एक ओरडला, "ओ बाई! असा फोटो काढून तथागताचा अपमान करता काय?"

मी दादाकडे पाहिलं. तो आता फोटोला नाही म्हणाला असता तर मी त्याच्यासाठी पुन्हा कधी फोटो काढला नसता.

दादाने मूर्ती उचलली, बाहेर पायरीवर उन्हात ठेवली आणि तिच्यावरचा भुसा स्वतःच्या बाहीने पुसला.

"अपमान तं बनवणाऱ्यानं केला, भाऊ," तो म्हणाला. "सपना, जवळून काढ. ओठ नीट दिसू दे."

मी फोटो काढला. एक नाही, चार काढले. दादाने कानस उचलून खुंटीला अडकवली आणि त्या दोघांना खाली बसायला सांगितलं.

"तोंड मी करणार नाई. कोणाच्या मोबाईलवरून मागवली? काढा तो. आधी तक्रार टाकू, मंग चहा घेऊ."