साहेबांना मारलेला डोळा

छिंदवाड्याहून आलेले शिक्षण खात्याचे साहेब सहावीच्या वर्गात उभे होते, आणि पहिल्या बाकावरच्या वच्छलाने त्यांना डोळा मारला.

एकदा नाही, दोनदा. वर तोंड वाकडं करून जीभही काढली. साहेबांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. म्हणजे डोळा आपल्यालाच मारला, याची खात्री पटल्यावर त्यांचे कान लाल झाले.

प्रेमलता बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पांढुर्ण्याच्या त्या मुलींच्या शाळेत वच्छलासारखं अक्षर कुणाचं नव्हतं, म्हणून बाईंनी स्वतः तिला पुढे बसवलं होतं. साहेबांनी तिची वही उघडली, तर अक्षरं अशी, जणू शाईत बुडून उठलेला खेकडा पानभर फिरला आहे.

"हेच का तुमचं सुंदर हस्ताक्षर?" साहेब म्हणाले आणि चहा न घेता गेले.

गेले तीन आठवडे पोरगी बाईंची नक्कल करत होती, निदान बाईंची तशी समजूत होती. बाई फळ्यावर लिहीत असताना हिचा खांदा उडायचा. बाई रागावल्या की ही तोंड वेंगाडायची. हात पुढे कर म्हटलं तर बोटं सतार वाजवल्यासारखी हलायची. त्याबद्दल दोन छड्याही देऊन झाल्या होत्या. आता बाईंनी पदर खोचला आणि संध्याकाळी जाम नदीचा पूल ओलांडून थेट सावरगावात वच्छलाचं घर गाठलं.

वच्छलाची आई यमुना संत्री निवडायच्या कामावरून नुकतीच आली होती. बाईंनी तोंड उघडायच्या आत तिनेच गाऱ्हाणं सुरू केलं.

"बरं झालं बाई, तुमीच आल्या. घरचे चार कप फोडले इनं. काल आजीच्या मांडीवर कढी सांडली. घडीत हसून राहते, घडीत रडून राहते. निंबू उतरवला, काळा दोरा बांधला. काई फरक नाई."

"आहे कुठे ती?"

"हे काय, झोपली."

बाजेवर वच्छला झोपली होती. बाई बोलायचं ठरवून आलेलं सगळं मनात जुळवत तिच्याकडे बघत राहिल्या. खांदा शांत. बोटं शांत. चेहरा तर देवळातल्या मूर्तीसारखा. मग आईने हाक मारली. पोरीने अजून डोळेसुद्धा धड उघडले नव्हते, बाई आल्यात हे तिला ठाऊकही नव्हतं, तोच खांदा उडाला, ओठ वाकडा झाला, बोटं सुरू झाली. नक्कल करणाराला निदान समोर कोणी आहे हे तरी कळावं लागतं!

बाईंना पाहून वच्छला रडायलाच लागली. "बाई, मी नाई करून राहिली. थे आपोआपच होऊन राहिलं."

बाईंना आपण दिलेल्या त्या दोन छड्या आठवल्या. रागवायला आलेल्या बाई पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "यमुनाबाई, उद्या हिला घेऊन सौंसरला चला. मी येते सोबत."

सौंसरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मीना गायधने वयाने तिशीच्या आणि बोलायला फटकळ होत्या. त्यांनी वच्छलाला जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितली. जीभ पालीच्या जिभेसारखी बाहेर आली आणि आत पळाली. मग त्यांनी आपली दोन बोटं तिच्या मुठीत दिली. "दाबून धर. घट्ट."

वच्छलाची मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची.

"दूध काढून राहिली का माझ्या बोटांचं?" डॉक्टर हसल्या. मग आईकडे वळल्या. "दोन-तीन महिन्यांत घसा दुखला होता हिचा? ताप?"

यमुनाला आठवेना. बाईंना आठवलं. "दिवाळीनंतर! गॅदरिंगच्या तालमीला आवाज बसला होता. गिळता येत नव्हतं."

"व्हय व्हय," यमुना म्हणाली, "हळदीच्या गुळण्या देल्या होत्या. चार दिवसांत बरी झाली."

"घसा बरा झाला. पण त्या घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीराची गफलत झाली, ते स्वतःच्याच मेंदूवर अन् सांध्यांवर उलटलं. हात-तोंड नाचतं ते त्यानं. हे सोंगही नाही अन् बाहेरचंही नाही." डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. त्यांचं हसू जरा कमी झालं. "हृदयाच्या झडपेशी थोडा आवाज येतो. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवून आणा. नाच तर काही महिन्यांत थांबेल, झडपेला मात्र जपायचं. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. पुन्हा घसा धरला तर झडप आणखी बिघडेल."

"किती दिवस?" यमुनाने विचारलं.

"पोरगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत तरी."

वच्छलाने मनातल्या मनात हिशेब केला आणि भोकाड पसरलं. गणित तिचं अजूनही पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेमलता बाईंनी फळा बाजूला ठेवून चमचा आणि टॉर्च काढली. चाळीस मुली रांगेत, चाळीस जिभा बाहेर. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई दारात आल्या आणि अख्खा वर्ग आपल्याला जीभ दाखवतोय असं पाहून चौकटीला धरून उभ्या राहिल्या. समजूत घालायला अर्धा तास गेला. पण रांगेतल्या दोन मुलींचे घसे लालबुंद निघाले आणि त्यांना गुळण्यांवर न ठेवता दवाखान्यात धाडलं.

वर्गासमोर बाई म्हणाल्या, "वच्छलाला मी मारलं, ती माझी चूक झाली." एवढं एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा खाकरावं लागलं.

नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वच्छला महिनाभर घरी आराम करून शाळेत आली. बोटं उन्हाळ्यापर्यंत हळूहळू शांत झाली. इंजेक्शनला मात्र सुटी नव्हती. यमुनाला कामाची मजुरी बुडवून दर वेळी जमेना, म्हणून बाईच वच्छलाला बसने सौंसरला न्यायच्या.

पाचव्या खेपेला नर्स लीलाबाईंनी ते दाट पांढरं औषध जाड सुईत भरलं, आणि बाईंचा चेहरा औषधापेक्षा पांढरा पडला. त्यांनी स्टूल धरलं.

वच्छला टेबलावर पालथी पडली होती. मान वळवून तिने बाईंकडे पाहिलं आणि मोठ्या माणसासारखं म्हणाली, "बाई, तुमी इकडे नका पाहू. खिडकीतून बाहेर पाहा, अन् मोठ्यानं तेराचा पाढा म्हणा. लगेच होते."

बाई खिडकीकडे वळल्या आणि तेराचा पाढा म्हणू लागल्या.