बाबांचा चिमटा

शेवगावजवळच्या वस्तीवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात काचेची पेटी, पेटीत खारं पाणी आणि पाण्यात एक ठिपक्याठिपक्यांचा जिवंत शंख. समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे सागरबाबा सांगतील तो समुद्र.

"ही समुद्रदेवाची जीभ," बाबा गरजले. "दुखणं चाटून पुसून नेते." देवाला विटाळ नको म्हणून ते स्वतः शंख लांब चिमट्यानेच उचलत. लोकांना त्याचंही कौतुक.

रंगुबाईने नवऱ्याला, कारभारीला, पुढे ढकललं. त्याची पाठ धरली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण आडवा झाला की मुकादम दोघांनाही नेत नाही. मागच्या खेपेला लहान शंखाने लोकांचे हात नुसते बधिर झाले होते. आजचा शंख नवा होता, चांगला मोठा.

शंखातून बारीक सोंड निघाली आणि कारभारीच्या तळहाताला टोचली.

"काय वाटतंय?"

"काईच न्हाई. हात माझा हाय असं वाटंना."

टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "व्हट बी जड झाल्यात." त्याच्या पापण्या मिटल्या, मान कलली.

"समाधी लागली," बाबा म्हणाले.

रंगुबाईने त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागेना. "आवं, बोला की. म्याच ढकललं तुमाला."

लसीकरणाला आलेल्या डॉक्टर रुपाली गर्दी सारून आत आल्या आणि तोंडाने श्वास देऊ लागल्या. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. तेवढ्यात बाबा पसार झाले.

दवाखान्यात यंत्राने कारभारीचा श्वास चालवला. बाहेर वस्तीतले लोक भेदरून उभे होते. रुपालीताईंनी त्यांना समजावलं, "ही विषारी समुद्री गोगलगाय. आपल्या नसांना बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आतबाहेर करतात, म्हणून दुखणं कळतं, अंग हलतं. या विषातले प्रथिनांचे तुकडे ती दारंच बंद करतात. आधी हात बधिर होतो, मग छाती हलायची थांबते. अशाच एका तुकड्यापासून वेदनेवर औषधही निघालंय, पण ते डॉक्टर मोजूनमापून देतात. गुण आला म्हणून पाया पडण्याआधी तो कसा आला, ते विचारा. ती देवाची जीभ होती, तर बाबांना चिमटा कशाला लागत होता?"



विष ओसरल्यावर, यंत्र काढल्यावर, कारभारी पहिल्यांदा बोलला, "पाठ लई दुखतीया."

रंगुबाईला रडू फुटलं. "दुखू द्या," ती म्हणाली. "डाक्टरला दाखवू. औंदा कोयता न्हाई गेला तर न्हाई."