चांदणी उतरवायचा मंगळवार

लष्कराच्या छावणीच्या फाटकासमोरच आमची सरकारी शाळा. तिथे समुपदेशक ओडम बाईंच्या खोलीत एक फळा आहे. ज्याचे आई किंवा वडील मोहिमेवर गेलेत, त्याच्या नावाची पिवळी चांदणी त्यावर टाचलेली असते. चांदणी आहे तोवर दर मंगळवारी गणिताच्या तासातून सुटका, बाईंच्या खोलीत पीनट बटरची बिस्किटं आणि वाटेल तेवढा दंगा. माणूस घरी परतला की मुलानं आपल्या हातानं चांदणी काढायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि मंगळवार संपले.

माझे बाबा परतून एकवीस दिवस झाले होते. शाळेत मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

घरी मी चमचासुद्धा आवाज न करता ठेवते. एकदा पातेलं पडलं, तर बाबा स्फोट झाल्यासारखे डोकं झाकून स्वयंपाकघरात पालथे पडले ते बराच वेळ उठलेच नाहीत. तेव्हापासून टीव्ही मुका, आई कुजबुजते, आणि बाबा गॅरेजमध्ये बंद गाडीत बसून असतात. मला त्यांची दया येते, आणि संतापही येतो. मोठ्यानं हसायला मला सबंध आठवड्यात ती एकच खोली होती.

घात केला खाऊच्या खोक्यानं. बाबांना खोकं पाठवायचं म्हणून ओडम बाईंनी पत्ता विचारायला घरी फोन लावला, आणि उचलला बाबांनीच.

मंगळवारी बाईंनी फळ्याखाली स्टूल ओढलं. "केझाया, चढ गं."

"काय लबाड आहेस गं!" ट्रेंट ओरडला. "घरी बाबा, इथे बिस्किटं. दोन्ही हातांत लाडू!"

मी चढले. हात चांदणीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"बाई, ते आलेत कुठे अजून?" मी म्हणाले. "जेवतात, फोन उचलतात. पण आलेले नाहीत. माझा मंगळवार नका ना काढून घेऊ."

ट्रेंटनं हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"चांदणी उतरवावीच लागेल गं," बाई हळूच म्हणाल्या. "वरून आलेला नियम आहे."

मी ओढली. कागद फाटून हातात आला. चार-दोन टाळ्या वाजल्या. टाचणी उपटायला गेले, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"ती राहू दे. टाचणीबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. पण सैल झालीय मेली. दर मंगळवारी येऊन बघत जा."

घरी आले तेव्हा बाबा गाडीतच होते. मी आवाज न करता दार लावलं. पुढचा मंगळवार सात दिवसांवर होता.