किती वेळ लागेल?

तनुजा मॅडमचे उपकार मी विसरायची नाही. चाकणला पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये बायकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि चावी सुपरवायझर मुरारीकडे. मागायला गेलं की तो सगळ्यांदेखत विचारायचा, "किती वेळ लागेल?" मेल्याला लाज नव्हती. मी शिफ्टभर पाणीच प्यायचे नाही.

माल युरोपात जायचा. तिकडच्या नव्या कायद्यामुळे गिऱ्हाईक कंपनीला आमचेही हाल बघणं भाग होतं, म्हणून तिने मॅडमना तपासणीला पाठवलं. मॅडमनी आमचे मालक आदिनाथशेठ यांना न भांडता पटवलं आणि कुलूप निघालं. मग तिकडचा कायदा सैल झाला. आता विचारतंय कोण, म्हणत शेठनी ते परत लावायला सांगितलं. कंपनीने पाठवणं थांबवलं, मॅडम तरीही येत राहिल्या.

खंडेनवमीला मशिनच्या पूजेसाठी शेठच्या आई सगुणाबाई आल्या. आरतीआधी त्या मागच्या बाजूला संडासाकडे गेल्या, कुलूप बघून परतल्या आणि त्यांनी चावी मागितली. मुरारी पाठमोरा, प्रेसला हार बांधत होता. सवयीने म्हणाला, "किती वेळ लागेल?"

शेठनी मान खाली घातली. प्रसादाला आलेल्या मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी असते तर रोखून बघितलं असतं; एवढी दया मला जमली नसती.

शेठनी स्वतः जाऊन कुलूप काढलं. मी मॅडमना पाणी नेऊन दिलं.

"आधी तुम्ही प्या, गुलशन."

शिफ्ट सुरू व्हायची होती. मी ग्लास रिकामा केला आणि पुन्हा भरून घेतला.